डाव्या कानातल्या मोत्याविषयी प्रमाणित माहिती

माणसं मरतात, इमारती पडतात, सरकारं बदलतात. माहिती मात्र टिकते. त्यातही खरी माहिती फारशी टिकत नाही. तिला कुणी हात लावत नाही, त्यामुळे ती पडल्या पडल्या गंजते. खोटी माहिती रोज दहा जणांच्या हातून फिरते आणि घासूनपुसून लख्ख राहते. गेली चौतीस वर्षं मी ती लख्ख ठेवण्याच्या कामावर आहे.

मी एका सिनेसाप्ताहिकाच्या माहिती कक्षाचा प्रमुख आहे. (कक्षात मी एकटाच आहे. पण प्रमुख नेमला नाही तर कक्षाला कुणी कक्ष म्हणत नाही, खोली म्हणतात.) दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून ही जागा आहे. एक टेबल, चार लोखंडी कपाटं, कात्री, गोंदाची बाटली आणि गुंडाळीच्या वायरचा एक काळा टेलिफोन. शेवटच्या पानावर उजवीकडे खाली ‘आपणांस ठाऊक होतं का?’ हे अकरा ओळींचं सदर येतं, ते माझं. आमच्या पाहणीनुसार शंभरातले एकाहत्तर वाचक अंक हाती घेताच आधी हे सदर वाचतात, बावीस जण फक्त हेच वाचतात, आणि उरलेले सात अंक उलटा धरत असल्यामुळे त्यांच्याही पुढ्यात आधी तेच पान येतं.

माहिती खरी कशी ठरते, हे लोकांना ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, एखादी गोष्ट घडली असली की ती खरी. असं धरून चाललं तर साप्ताहिकाला टाळं लावावं लागेल. आमच्याकडे सोपा नियम आहे: तीन वेगवेगळ्या छापील ठिकाणी आलं की खरं. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, तसे माहितीला पुरावे तीनच. त्या तिघांनी एकमेकांचं उतरवून घेतलं का, हे विचारणं आमच्या धंद्यात असभ्यपणाचं समजतात. (तिघांना तीच गोष्ट सुचली, म्हणजे तिच्यात काहीतरी असणारच, असा आमचा उदार दृष्टिकोन आहे.)

माझ्या कपाटांतला सगळ्यात जड खण हॉलिवूडच्या एका जुन्या नटीचा आहे. कक्षात तिला सगळे ‘मोतीवाली’ म्हणतात. (सगळे म्हणजे मी. या मजकुरात तिच्या खऱ्या नावाच्या जागीही तेच घातलं आहे.) तिच्या नावावर चारशे बारा कार्डं आहेत. पैकी झालेली आणि न झालेली लग्नं, एकशे अडतीस. खाण्यापिण्याच्या सवयी, सत्त्याण्णव. (ती फक्त उकडलेली अंडी खायची, अंड्याच्या नुसत्या वासाने तिला घेरी यायची. दोन्ही प्रमाणित.) डोळ्यांचा रंग, एकतीस. तिचे यच्चयावत सिनेमे काळे-पांढरे असल्यामुळे या विषयावर मतभेदाला भरपूर वाव आहे; चौदा निळी, अकरा हिरवी आणि ‘एक निळा, एक हिरवा’ म्हणणारी सहा कार्डं एकाच खणात गुण्यागोविंदाने नांदतात. तिच्या अभिनयावर कार्डं नऊ. त्यातली सात दुसऱ्याच एका नटीची आहेत, चुकून इकडे आली.

उरलेली एकशे सदतीस कार्डं तिच्या डाव्या कानाची आहेत.

तो प्रसंग आपण पाहिलेलाच आहे. (नसला तरी पाहिला आहे असंच आपण आजवर सगळ्यांना सांगत आलात.) सिनेमाचा शेवट. ती टेलिफोनवर बोलते आहे. पलीकडचा सांगतो की मी येत नाही. ती काही म्हणत नाही, रिसीव्हर खाली ठेवते, आणि कॅमेरा जवळ जातो. उजव्या कानात मोती आहे. डावा कान मोकळा. डाव्याच डोळ्यातून एक थेंब खाली येतो आणि सिनेमा संपतो.

डावा कान मोकळा का, याचं उत्तर आज शेंबडं पोरही देईल. तिचे कपडे शिवणाऱ्या बाईने तो मोती त्याच दिवशी चोरला होता. निर्मात्याला घाई होती, म्हणून एका मोत्यावरच काम उरकलं. आणि तो थेंब अभिनयाचा नव्हे, तो मोत्यासाठीचा खरा थेंब आहे. या माहितीने किती जेवणांना रंग चढला असेल, किती पाहुण्यांची पंचाईत टळली असेल, याची मोजदाद नाही.

ही माहिती मी एकतीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी, दुपारी सव्वाचारला तयार केली.

त्यात लपवण्यासारखं काही नाही. सदर अकरा ओळींचं, मजकूर आठच ओळींचा, आणि खाली छपाईवाले खोळंबलेले. टेबलावर मोतीवालीचा फोटो पडला होता, त्यात एक कान मोकळा दिसला. ‘मोती हरवला होता’ एवढंच लिहिलं तर दीड ओळ भरत होती. ‘मोलकरणीने चोरला’ म्हटलं तर अडीच. ‘तिचे कपडे शिवणाऱ्या बाईने त्याच दिवशी चोरला’ असं लिहिल्यावर तीन ओळी काठोकाठ भरल्या. त्या बाईशी माझं काही वाकडं नव्हतं. ती ओळीत बसली, एवढाच तिचा गुन्हा.

पुढचा प्रवास कुणाही बापाला अभिमान वाटावा असा आहे. पहिल्या वर्षी ती एका भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे आली. चौथ्या वर्षी मोतीवालीच्या एका चरित्रात आली (तिथे ‘अत्यंत विश्वसनीय सूत्रां’चे आभार मानले आहेत, ते सूत्र म्हणजे मी, पण त्यांनी पत्ता न दिल्यामुळे आभार माझ्यापर्यंत पोचले नाहीत). नवव्या वर्षी सिनेमाच्या एका जाडजूड कोशात तिची नोंद झाली. तीन ठिकाणं पूर्ण झाली आणि माझी माहिती खरी झाली. त्याच सुमारास बायकोने जेवताना मला ती सांगितली. मी म्हटलं, ही मीच लिहिली आहे. ती म्हणाली, तुम्हाला घरातलं मीठ कुठे असतं ते ठाऊक नाही, हॉलिवूडचं कुठून ठाऊक असणार. मी पुढचा घास घेतला. तिच्याकडे कोश होता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या वर्षी जुन्या सिनेमांच्या पोशाखांचं एक फिरतं प्रदर्शन आमच्या गावच्या सभागृहात यायचं ठरलं. शेवटच्या प्रसंगातला तो पोशाख काचेच्या कपाटात ठेवायचा होता, शेजारी छोट्या पडद्यावर तो प्रसंग सतत चालू राहणार होता. पोशाखांखालच्या कार्डांचा मजकूर आपल्या भाषेत लिहून द्यायचं काम आमच्या साप्ताहिकाला, म्हणजे मला मिळालं. मी लिहिलं: ‘मोतीवालीचा शेवटच्या प्रसंगातला पोशाख. शिवणकाम:’ आणि पुढे स्टुडिओच्या यादीत होतं ते नाव. त्यानंतर कंस करून लिहिलं: ‘याच बाईने डावा मोती चोरला.’ मला कंस आवडतात. मुख्य वाक्यात जागा नसलेल्यांची तिथे सोय होते. कार्डांचा नमुना आम्ही अंकात छापला.

तो अंक निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी एक म्हातारी नातीचा हात धरून दोन मजले चढून आली.

वय शहाऐंशी. एक डोळा पुरता गेलेला, दुसरा जाण्याच्या बेतात. (नात चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, त्याचा आजीला काडीचा उपयोग नाही.) बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या, दम खाल्ला, आणि म्हणाल्या की त्या कार्डावर नाव आहे ते माझं.

चौतीस वर्षांत माझ्या कार्डावरचं कुणी चालत कक्षात आलेलं नव्हतं. मी नियमानुसार त्यांना आधी पाणी दिलं.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. एका नाटक कंपनीबरोबर त्या तरुणपणी तिकडे गेल्या आणि हाताला सफाई होती म्हणून स्टुडिओच्या शिवणखात्यात राहिल्या. मोतीवालीला सात वर्षं कपडे शिवले, चढवले, उतरवले. आई आजारी पडली तशा परत आल्या. बाजारामागच्या गल्लीत दुकान काढलं, पाटीवर लिहून घेतलं की अमक्या नटीचे कपडे शिवणाऱ्या त्या ह्याच, आणि आत तिने सही करून दिलेला फोटो लावला. दुकान उत्तम चाललं. मग माझ्या तीन ओळी आल्या. पहिल्या आठवड्यात लोक नुसते बघायला आले. दुसऱ्या आठवड्यात शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला आले. कपडा शिवायला देताना माणूस कापड मोजून देत असला तरी उरलेलं कापड विश्वासावरच सोडतो, आणि पाटी तर त्यांनी स्वतःच लावलेली होती. बाई त्यानंतर बिनकामाच्या बसल्या (एकोणीस वर्षं, पुढे डोळेच गेले, तेव्हा ती वर्षं धरलेली नाहीत).

मी त्यांना विचारलं, मग मोती कुठे गेला होता.

‘टेलिफोन होता हो,’ त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी चाचपडत माझ्या टेबलावरचा रिसीव्हर उचलला आणि डाव्या कानाला लावला. त्यांच्या कानात साधी खड्याची कुडी होती. रिसीव्हर हलवला की ती त्यावर वाजत होती, टक, टक.

‘आवाज घेणारा माणूस ओरडायला लागला, हे काय वाजतंय म्हणून. मीच म्हटलं बाईंना, डावा काढून ठेवा, काम झालं की घालते. त्यांनी काढला आणि तिथेच टेबलावर ठेवला, टेलिफोनशेजारी. काम झाल्यावर मीच घातला परत, या हातांनी. टेबलावर दिसतो की सिनेमात. तुम्ही बघा ना.’

त्यांची मागणी काय आहे, ते मी अर्जाच्या भाषेत टिपून घेतलं. भरपाई नको. माफीनामा नको. दुकान तर कधीच गेलं. प्रदर्शन लागलं की नातीला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन तो पोशाख बघायला जायचंय. त्याच्याखाली नाव असू द्या, कंस तेवढा काढा.

‘मी मेल्यावर काय छापायचं ते छापा,’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिवसापुरतं नको.’

त्या गेल्यावर मी तो सिनेमा लावून पाहिला. तोवर मी तो चौदा वेळा पाहिला होता आणि दर वेळी तज्ज्ञाच्या नजरेने पाहिला होता, म्हणजे फक्त कानाकडे. पंधराव्या खेपेला टेबलाकडे पाहिलं. टेलिफोनच्या डाव्या अंगाला, बशीच्या कडेशी, एक पांढरा ठिपका आहे. ती रिसीव्हर ठेवते तेव्हा तो जरासा हलतो. एकतीस वर्षं जगभरच्या लोकांनी हा मोती डोळ्यांसमोर असताना चोरीला गेलेला पाहिला. तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला, हे मी कबूल करतो. (एकदाच. नंतर चहा घेतला.)

मी संपादकांकडे गेलो आणि घडलं ते सगळं सांगितलं. ती माहिती मी रचली होती हेही सांगितलं. संपादक समंजस माणूस आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, छापील पुरावे किती. मी म्हटलं, सिनेमात दिसतंय. ते म्हणाले, सिनेमा छापील नाही. मी म्हटलं, खुद्द बाई सांगतात. ते म्हणाले, आरोपीचं म्हणणं आपण कधीपासून घ्यायला लागलो. मी म्हटलं, अहो, पण मीच खोटं लिहिलं, मी समोर उभा आहे. ते म्हणाले, तुम्ही एक आहात आणि तेही तोंडी. तिकडे कोश, चरित्र आणि कॅलेंडर आहे. तिघं एका बाजूला आणि तुम्ही एकटे, तर खोटं कोण बोलतंय हे तुम्हीच सांगा.

मी क्षणभर खरोखरच विचारात पडलो.

मग ते दुरुस्तीच्या सदराबद्दल बोलले. दुरुस्तीचं सदर आमच्याकडे आहे. ते चौथ्या पानावर, छपाईच्या पत्त्याखाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत येतं. त्याचे वाचक तीन: एक मुद्रितशोधक, एक ज्याची तक्रार असते तो, आणि एक निवृत्त शिक्षक, जे त्यातल्या चुका काढून पाठवतात. शिवाय, संपादक म्हणाले, तुमची नवी माहिती काय, तर टेलिफोनला लागत होता म्हणून काढला.

‘मग?’ ते म्हणाले. ‘वाचक विचारेल, मग?’

सत्याची हीच मोठी अडचण आहे, त्याच्यापुढे ‘मग?’ म्हटलं की ते गप्प बसतं. ज्या माणसाने मोत्याची चोरी आणि खरा थेंब एवढा ऐवज एकतीस वर्षं उराशी धरला, त्याला तुम्ही टेलिफोनची टकटक द्यायला निघालात, तर तो ती कशाला घेईल. नाकापेक्षा मोती जड, तशातली गत.

पण मी चौतीस वर्षं या धंद्यात उगाच नाही घालवली. जी माहिती खऱ्याने हलत नाही, ती तिच्याहून सरस खोट्याने हलते. मी कक्षाचं दार लावलं आणि त्या बाईंसाठी, मनापासून सांगतो, आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम केलं. मी एक वैमानिक तयार केला.

उंच, अबोल, गालावर व्रण. मोतीवालीचा त्याच्यावर चोरून जीव. युद्धावर जाताना तिने आपला डावा मोती त्याच्या कोटाच्या खिशात शिवून दिला. शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी सकाळी तार आली की त्याचं विमान समुद्रात कोसळलं. ती तशीच, एका मोत्यावर, कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. आणि तो थेंब. (अकरा ओळी काठोकाठ. एक अक्षर वर नाही की खाली नाही.) यात चोरी नाही, शिवणारी नाही, कुणावर बालंट नाही. मला स्वतःला लिहिताना भरून आलं, आणि त्या वैमानिकाला मी सकाळी दात घासताना रचलं होतं.

तो अंक बाजारात गेला आणि अठराव्या दिवशी तीन ठिकाणं पुरी झाली. (आधीचा विक्रम दोन महिन्यांचा, एका नटाच्या टोपाविषयी होता.) माझ्या बायकोने ती माहिती मला जेवताना सांगितली आणि डोळ्यांना पदर लावला. प्रदर्शनाचं कार्ड मी नियमानुसार बदललं. पोशाख, शिवणकाम, बाईंचं नाव, पूर्णविराम. मग वेगळ्या ओळीत वैमानिक. तीन प्रती काढून एक मी घडी न पडू देता पुठ्ठ्यात घातली आणि बाईंच्या घरी घेऊन गेलो.

एकच खोली आहे, खिडकी गल्लीकडे. शिवणयंत्राचं डोकं आत मुडपून वर झाकण टाकलेलं, त्यावर औषधांच्या बाटल्या. खिळ्याला मोजपट्टी टांगलेली, तिच्यावरचे आकडे पुसून गेलेले. नातीने मला बसायला स्टूल दिलं. मी कार्ड वाचून दाखवलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू.

बाईंनी वैमानिकापर्यंत ऐकलं, आणि हा कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, पद्धत समजावली. चोर म्हणून आता तुमचं कुणी नाव घेणार नाही, म्हटलं.

‘मी सात वर्षं त्यांना कपडे चढवले,’ बाई म्हणाल्या. ‘पहाटे साडेचारला यायच्या, काम करायच्या, आणि घरी जाऊन नवऱ्याच्या पायाला तेल लावायच्या. पांगळा होता तो. तारा यायच्या त्या त्याच्या औषधाच्या. असला कुणी माणूस नव्हता हो.’

मी म्हटलं, पण वाचकांना तो आवडलाय.

‘मला चोर म्हणालात, ते मी सोसलं,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांच्या नावाला हे नको. त्यांच्या बाजूने बोलायला आता कुणी उरलेलं नाही, मी सोडून. काढा ते. माझं होतं तसं ठेवा.’

नात म्हणाली, आजी, काय बोलतेस. आजी म्हणाली, बरोबर बोलतेय. मी पुठ्ठ्यातलं कार्ड परत पुठ्ठ्यात घातलं. तीन ठिकाणी छापून आलेलं आता मलाही काढता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं की नाही, ते आठवत नाही. बहुधा जिन्यात स्वतःला सांगितलं असावं.

पुढे जे झालं ते आमच्या शास्त्राच्या दृष्टीने मोलाचं आहे. एका कानाला दोन कारणं, आणि दोन्ही प्रमाणित, असा पेच उभा राहिला. खोट्याच्या कपाळी गोटा अशी म्हण आहे; अनुभव असा की गोटा बसतो खरा, पण कपाळ भलत्याचंच असतं. जाणकार मंडळींनी चर्चा केली, लेख लिहिले, आणि दोन्ही पक्षांचा मान राखून तोडगा काढला: मोती शिवणाऱ्या बाईनेच चोरला, आणि तिनेच तो गुपचूप वैमानिकाला पोचवला. चोरीही राहिली, प्रेमही राहिलं, कुणाचंच कार्ड वाया गेलं नाही. प्रदर्शनाच्या आयोजकांना हा तोडगा इतका पसंत पडला की त्यांनी मला न विचारता नवं कार्ड छापून घेतलं. मी ते पाहिलं उद्घाटनाच्या दिवशी. पोशाख, शिवणकाम, नाव. पुढे कंस. मोतीवालीचा नवरा आणि त्याचे पाय कुठेच नव्हते.

बाई आल्या चौथ्या दिवशी दुपारी. इतरांसारख्या रांगेत उभ्या होत्या. अंगात इस्त्रीचे कपडे, एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला नातजावई. मी खांबामागे होतो. (लपलो नव्हतो. खांब तिथे आधीपासून होता.) शेजारच्या पडद्यावर प्रसंग चालू होता आणि लोक पुढे वाकून तिच्या कानाकडे बोट दाखवत एकमेकांना समजावून सांगत होते. मी त्या दिवशी सकाळपासून मोजलं: कानाकडे बघणारे दोनशे बारा, टेबलाकडे बघणारा एकही नाही.

बाई काचेपुढे पोचल्या. कपाळ जवळजवळ काचेला टेकवून उभ्या राहिल्या. त्यांना काय दिसत होतं देव जाणे. पांढरं काहीतरी दिसत असावं. मग त्यांनी नातीला सांगितलं, वाच.

नातीने वाचलं. ‘मोतीवालीचा शेवटच्या प्रसंगातला पोशाख. शिवणकाम,’ आणि पुढे आजीचं नाव, सावकाश, सगळं. मग ती थांबली. तिची नजर पुढे सरकलेली मला दिसली.

‘पुढे?’ बाईंनी विचारलं.

‘एवढंच आहे.’

‘कंसात काही?’

‘कंस नाहीच आजी.’

‘आणि तो विमानवाला?’

‘तोही नाही. गेला.’

बाईंनी काचेवर हात ठेवला. रखवालदार म्हणाला, आजी, हात लावू नका. त्यांनी हात काढला. मग नातजावयाला सांगितलं की कमरेची ती चुण्यांची ओळ आहे ना, ती तीन वेळा उसवून शिवली होती. तो म्हणाला, छान झाली आहे. त्या म्हणाल्या, झाली आहे खरी.

(नातीने केलेली ही दुरुस्ती एकाच ठिकाणची आणि तोंडी असल्यामुळे आम्ही तिची नोंद घेतलेली नाही. आमच्या साप्ताहिकाच्या इतिहासातली ती एकमेव दुरुस्ती आहे जी ज्याच्यासाठी होती त्याच्यापर्यंत पोचली.)

बाई पुढच्या महिन्यात गेल्या. एका दैनिकाने चार ओळी छापल्या. मथळ्यात मोती होता, वैमानिकही होता. मी ते कात्रण कापलं, कार्डावर चिकटवलं आणि डाव्या कानाच्या खणात ठेवलं. आता तिथे एकशे अडतीस कार्डं आहेत. त्या सिनेमाच्या टेबलावरचा पांढरा ठिपका अजून आहे तिथेच आहे. त्याचं कार्ड करायला मला दोन छापील ठिकाणं कमी पडतात. हे आपण वाचताय, ते पहिलं.

आपण मनातल्या मनात आम्हाला नावं ठेवत असाल. ठेवा. कानाकडे बघणारे ते दोनशे बारा लोक आपल्याला मूर्ख वाटले असतील, आपण असतो तर टेबलाकडे पाहिलं असतं. तेव्हा जाता जाता, आमच्या सदराच्या शिरस्त्याप्रमाणे, तीन प्रश्न. एक: मोती कोणत्या कानात नव्हता? दोन: वैमानिकाच्या व्रणाची जागा कोणती? तीन: माझ्या तीन ओळींमुळे ती बाई किती वर्षं बिनकामाची बसली?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपण प्रश्न संपायच्या आत दिलीत. तिसऱ्याचं उत्तर वर छापलेलं आहे. कंसात आहे.